षड्जाशेजारी थांबलेला निषाद

पेटीवर पांढरी एकचा सा धरा आणि सा, ग, प हे तीन स्वर एकदम दाबा. भाता चालू ठेवा. येणारा आवाज भरीव आणि उजळ असतो, कानाला कुठेच टोचत नाही. आता बोटं न उचलता करंगळीनं त्याच सप्तकातला शुद्ध निषाद दाबा. तार षड्जाच्या अगदी अलीकडची ती पट्टी. आवाजाचा रंग क्षणात पालटतो. उजेड तसाच राहतो, पण त्यात एक हुरहुर मिसळते. मन भरून आलंय की रितं झालंय, हे सांगता येत नाही. पाश्चात्त्य संगीतात या चार स्वरांच्या मेळाला मेजर सेव्हन्थ कॉर्ड म्हणतात. आपल्याकडचे गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे नुसतं ‘मेजर सेव्हन’ म्हणून मोकळे होतात.

ज्याचा कान ख्याल आणि नाट्यसंगीतावर पोसला आहे, त्याला इथे एक प्रश्न पडायला हवा. शुद्ध निषादाचा स्वभाव आपल्याला पक्का ठाऊक आहे. यमनात गवई निषादावर रेंगाळतो तेव्हा सगळी मैफल षड्जाची वाट बघत असते आणि तो आला की सुटकेचा श्वास टाकते. निषाद हा उंबरठ्यावरचा स्वर आहे, तिथे कोणी मुक्काम करत नाही. मग या चार स्वरांच्या मेळात तोच निषाद इतका स्वस्थ कसा बसतो? शेजारी षड्ज वाजत असूनही त्याच्याकडे धावत का नाही?

उत्तर जोड्यांमध्ये आहे. चार स्वरांच्या जोड्या होतात सहा. सा आणि ग यांचं जमतं, सा आणि प यांचं तर सगळ्यांत जास्त जमतं. ग आणि प यांच्यातलं अंतर सा आणि कोमल ग यांच्याइतकं, म्हणजे तेही गोड. आता निषादाच्या तीन जोड्या बघा. ग आणि नि यांच्यात षड्ज-पंचम भाव आहे: गांधाराला सा मानलं तर निषाद त्याचा पंचम होतो. प आणि नि यांच्यात षड्ज-गांधार भाव आहे: पंचमाला सा मानलं तर निषाद त्याचा शुद्ध गांधार. उरली एकच जोडी, सा आणि नि. तिथे मात्र ठिणगी उडते. सहापैकी पाच जोड्या सुरेल आणि एक झोंबणारी, असा हा संसार आहे. निषाद एकटा असता तर त्याला षड्जाकडे जावंच लागलं असतं. इथे गांधार आणि पंचम दोघं त्याला धरून आहेत. मेजर सेव्हन्थची सगळी जादू मला या एका गोष्टीत दिसते: भांडण मिटवलेलं नाही, त्याला चांगली सोबत दिली आहे.

हे आकड्यांत मांडलं तर आणखी स्पष्ट होतं. आपल्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत षड्जाची आंदोलनं सेकंदाला 240 धरायची पद्धत आहे. तीच धरू. मग ग 300, प 360 आणि नि 450. चारही आकड्यांना 30 ने भाग जातो आणि उरतं 8, 10, 12, 15. इतक्या लहान पूर्णांकांच्या गुणोत्तरात बसणारे स्वर एकमेकांत मिसळून जातात, हे गणित जुनं आहे. पण तार षड्ज 480 वर असतो, निषाद 450 वर. आपण तार षड्ज दाबलेला नसला तरी तो हजर असतो, कारण 240 च्या सुरातूनच त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनं मंदपणे उमटत असतात. म्हणजे 480 आणि 450 कानात एकमेकांना भेटतात आणि त्यांच्यात सेकंदाला 30 वेळा आवाज कमीजास्त होतो. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं 1863 मध्ये छापलेल्या ग्रंथात दाखवून दिलं की असे ठोके सेकंदाला दोन-चार असतील तर आवाज नुसता डुलतो, पण ते तीस-पस्तीसच्या घरात गेले की कानाला खरखर जाणवते. मेजर सेव्हन्थमधली ती किंचित झोंबरी कड इथून येते.

कड किती धारदार लागेल हे वाद्यावर आणि मांडणीवर ठरतं. पेटीच्या सुरांमधून वरचे स्वर भरपूर उमटतात, त्यामुळे पेटीवर मेजर सेव्हन्थ जरा कडक वाटते. त्यात पेटी समान अंतरांच्या सप्तकात लावलेली असेल तर तिचा ग 300 ऐवजी साधारण 302 वर आणि नि 453 च्या आसपास येतो, म्हणजे निषाद षड्जाच्या आणखी जवळ सरकतो. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर किंवा जुन्या इलेक्ट्रिक पियानोवर वरचे स्वर क्षीण असतात. तिथे हीच कॉर्ड लोण्यासारखी मऊ होते. आणि निषाद वर न घेता षड्जाच्या लगेच खाली, मंद्रात घेतला, तर 225 आणि 240 हे मूळ सूरच एकमेकांना खेटतात. तेव्हा सोबतीला कोणीही असलं तरी धार झाकत नाही. स्वर तेच चार, नाव तेच, पण कोण कुठे बसलं आहे यानं सगळं बदलतं.

या कॉर्डला आणखी एक अंग आहे. सा बाजूला ठेवून फक्त ग, प, नि दाबा. ही शुद्ध मायनर कॉर्ड आहे, तीच उदास छटा. नि काढून सा, ग, प दाबा: मेजर, प्रसन्न. म्हणजे मेजर सेव्हन्थच्या पोटात एक प्रसन्न आणि एक उदास अशा दोन कॉर्डी आहेत आणि ग, प हे दोन स्वर दोघींच्या सामाईक मालकीचे आहेत. ऐकणाऱ्याला एकाच वेळी दोन भाव का जाणवतात, याचं इतकं साधं कारण आहे.

इथे एक घोटाळा टाळायला हवा, कारण नवशिके यात हमखास अडकतात. नुसतं ‘सी सेव्हन’ (सी म्हणजे आपली पांढरी एक) लिहिलं असेल तर त्यात कोमल निषाद येतो: सा, ग, प आणि कोमल नि. ‘सी मेजर सेव्हन’ लिहिलं असेल तरच शुद्ध निषाद. जॅझच्या कागदांवर पुष्कळदा सी पुढे छोटा त्रिकोण काढलेला असतो, त्याचाही अर्थ शुद्ध निषादच. फरक एका पट्टीचा, पण परिणाम टोकाचे. कोमल निषाद आणि गांधार यांच्यात सहा अर्धस्वरांचं, म्हणजे सप्तकाच्या बरोबर अर्ध्याचं अंतर पडतं. हे अंतर अस्थिर, ते कॉर्डला पुढे ढकलतं; सी सेव्हन ऐकली की पाठोपाठ मध्यमावरची कॉर्ड हवीशी वाटते. मेजर सेव्हन्थमध्ये असं सहा अर्धस्वरांचं अंतर कुठल्याच जोडीत नाही. तिला कुठे जायची घाई नसते, आणि तिथेच मुक्काम केला तरी चालतो.

हा मुक्काम करायला युरोपला पुष्कळ वेळ लागला. योहान सेबॅस्टियन बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’चा पहिला भाग 1722 चा. त्यातला पहिलाच प्रिल्यूड सी मेजरमधला, पियानो शिकणारी मुलं आजही तो वाजवतात. प्रत्येक मात्रागटात पाच स्वर एकामागून एक उलगडतात. आठव्या मात्रागटात डाव्या हाताकडे मंद्र नि आणि त्याला लागून मध्य सा येतो, उजव्या हाताकडे ग, प आणि तार सा. म्हणजे मेजर सेव्हन्थच, तीही सगळ्यांत बोचऱ्या मांडणीत. पण बाखनं तिच्याभोवती काय बंदोबस्त केला आहे ते पाहण्यासारखं आहे. आधीच्या सातव्या मात्रागटात हाच मंद्र निषाद पायाला आहे, मात्र तिथे तो प, नि, रे या निर्धोक मेळाचा भाग आहे. कान त्याला सरावतो. मग तो जागचा हलत नाही, बाकीचे स्वर बदलतात आणि पायाखालची जमीन सरकावी तसा तो एकदम बोचरा होतो. नवव्या मात्रागटात लगेच खाली धैवतावर उतरतो. आधी तयारी, मग टोचणी, मग सुटका. अठराव्या शतकातल्या शिस्तीत या सातव्या स्वराला अशी ये-जा करूनच प्रवेश मिळायचा. थांबायची मुभा नव्हती.

ती मुभा ठसठशीतपणे दिली पॅरिसमधल्या एरिक साती या तरुण संगीतकारानं, 1888 मध्ये. त्याच्या तीन ‘जिम्नोपेदी’ रचनांपैकी पहिली आज जाहिरातींपासून चित्रपटांपर्यंत सगळीकडे वाजते, त्यामुळे नाव माहीत नसणाऱ्यांनीही ती ऐकलेली असते. तिची सुरुवात म्हणजे दोन कॉर्डी, आलटून पालटून. तिच्या षड्जाच्या हिशेबानं सांगायचं तर पहिल्यांदा खर्जात म आणि मग वर ध, सा, ग. दुसऱ्यांदा खर्जात सा आणि वर प, नि, ग. दोन्ही मेजर सेव्हन्थ. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, शुद्ध सप्तकात, प्रत्येक स्वरावर एकाआड एक चार स्वरांची कॉर्ड बांधत गेलं तर मेजर सेव्हन्थ फक्त दोनच ठिकाणी तयार होते, षड्जावर आणि मध्यमावर. साती नेमक्या त्या दोन घेऊन बसला. पहिलीला सुटका हवी असेल तर ती दुसरीकडे जाते, आणि दुसरीही तिच्यासारखीच निघते. निषाद षड्जाला जाऊन मिळत नाही, कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही. शिवाय भांडणाऱ्या स्वरांना त्यानं लांब ठेवलं आहे. पहिल्या कॉर्डमध्ये खालचा म आणि वरचा ग यांच्यात जवळजवळ दोन सप्तकांची मोकळी जागा आहे. ठिणगी विझलेली नाही, पण तिची फक्त ऊब पोचते. माझ्या मते मेजर सेव्हन्थ समजून घ्यायला याहून चांगला धडा नाही, आणि वाजवायला तो फार अवघडही नाही. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या रचनेची वाद्यवृंदासाठी मांडणी पुढे क्लोद डेबुसीनं केली, आणि त्यानं स्वतःच्या संगीतातही अशा कॉर्डींना मोकळेपणानं जागा दिली.

विसाव्या शतकात जॅझनं तर हिला घरचीच करून टाकलं. जिथे आधी साधी मेजर कॉर्ड यायची तिथे मेजर सेव्हन्थ वाजू लागली. एरॉल गार्नरची 1954 मधली ‘मिस्टी’ घ्या. तिच्या पहिल्या तीन स्वरांत चाल प वरून ग वर आणि तिथून थेट मंद्र निषादावर येते आणि तिथे लांबते. खाली षड्जाची मेजर सेव्हन्थ. गाण्याची पहिलीच लांब विश्रांती निषादावर, हे आपल्या कानाला धाडसाचं वाटतं. ब्राझीलच्या अंतोनियो कार्लोस जोबिम यांनी 1962 मध्ये रचलेलं ‘गरोता दे इपानेमा’ आणखी पुढे जातं. त्याच्या पहिल्या ओळीत चाल रे, मंद्र नि आणि मंद्र ध एवढ्यांतच फिरते, षड्जाला शिवतही नाही. षड्ज असतो फक्त खालच्या कॉर्डमध्ये, आणि गाणारा त्याच्या आजूबाजूनं झुलत राहतो. बोसा नोव्हा या ब्राझिली शैलीचं ते ऐसपैस, उन्हातलं वाटणं बऱ्याच अंशी यामुळे आहे. या शैलीचा गायक-वादक जोआओ जिल्बेर्तो याच्या हातातली नायलॉन तारांची गिटारही तितकीच महत्त्वाची. धातूच्या तारांवर तोच मेळ इतका मऊ झाला नसता.

बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं 1969 मधलं ‘समथिंग’ तर वर सांगितलेला शुद्ध-कोमल निषादाचा भेद कानानं समजावून देतं. सुरुवातीला साधी मेजर कॉर्ड, मग तीच मेजर सेव्हन्थ होते, मग सेव्हन्थ, आणि मग मध्यमावरची कॉर्ड येते. ग आणि प बराच वेळ जागेवर, आणि आतून एक धागा उतरत जातो: तार सा, शुद्ध नि, कोमल नि, आणि मध्यमावरच्या कॉर्डमधला ध. पेटीवर हे चार टप्पे सावकाश वाजवून पाहा. दुसऱ्या टप्प्यावर हवं तितकं रेंगाळता येतं. तिसऱ्यावर थांबलात तर अवघडल्यासारखं होतं. नुसती अर्ध्या स्वराची उतरण, आणि स्वस्थपणाची जागा ओढ घेते.

आपल्याकडे हे चार स्वर अगदी परके नाहीत. हंसध्वनी रागाचे स्वर सा, रे, ग, प, नि. त्यातून रिषभ वगळला की मेजर सेव्हन्थच उरते. हा राग कर्नाटक संगीतात रामस्वामी दीक्षितर यांनी रचला असं मानतात, आणि आपल्याकडे तो रुजवण्यात भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांचा मोठा वाटा आहे. शंकरा रागातही सा, ग, प, नि ही चाल ठळक दिसते. फरक इतकाच की रागात हे स्वर एकामागून एक येतात, आणि त्यातला निषाद आपला षड्जाकडे बघण्याचा हक्क राखून असतो. एकदम वाजण्याची गोष्ट निराळी.

पण एकदम वाजण्याचा अनुभवही आपल्याला तंबोरा रोज देतो. जोडीच्या आणि खर्जाच्या तारा सुरेल लागल्या की त्यांतून स्वयंभू गांधार ऐकू येतो, हे प्रत्येक शागीर्दाला गुरू दाखवतात. तो षड्जाच्या पाचपट आंदोलनांचा स्वर असतो. त्याच नियमानं पंचमाच्या तारेतून पंचमाचा गांधार निघतो, आणि पंचमाचा गांधार म्हणजे निषाद. म्हणजे प-सा-सा-सा अशा लावलेल्या तंबोऱ्यात सा, ग, प आणि अगदी पुसटसा नि असे चारही स्वर तरंगत असतात. पूरियासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात तर पुष्कळ गायक पहिली तार मंद्र निषादात लावून घेतात. तेव्हा 225 आणि 240 चा तोच झोंबरा शेजार मैफल संपेपर्यंत कानाशी घुमत राहतो आणि कोणाला बेसूर वाटत नाही.

कॉर्ड म्हणून हा मेळ मुंबईच्या चित्रपटसंगीतात यायला गोव्याची मोठी मदत झाली. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथे घडलेले वादक विसाव्या शतकात मुंबईला आले, हॉटेलांतल्या जॅझ बँडांत वाजवू लागले आणि स्टुडिओंतही बसू लागले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही त्यांतली ठळक नावं. संगीतकार चाल बांधायचा ती एकपदरी. तिच्या खाली कोणत्या कॉर्डी, कोणत्या वाद्याला कुठला स्वर, हे अरेंजर ठरवायचा. आपल्या रागदारीच्या वळणाच्या चालींखाली पाश्चात्त्य मेळ बसवण्याचं अवघड काम या मंडळींनी केलं. त्यांच्या कामाची दखल गाण्याच्या श्रेयनामावलीत फार क्वचित घेतली गेली, याची खंत वाटते.

अवघड अशासाठी की मेजर सेव्हन्थ चालीखाली कुठेही चालत नाही. आपल्या चाली षड्जावर येऊन विसावतात. गायकानं सा लांबवला आणि कीबोर्डवाल्यानं खाली निषाद वाजवला की दोघं एकमेकांच्या पायावर पाय देतात, आणि बऱ्याचदा गायकालाच वाटतं की आपला सूर ढळला. जॅझचे अरेंजर अशा ठिकाणी निषाद काढून त्याऐवजी धैवत घालतात: सा, ग, प, ध. आपणही तेच करावं, किंवा साधं सा, ग, प ठेवावं. गायक मध्यमावर थांबला तरी षड्जावरची मेजर सेव्हन्थ टाळावी, कारण म खालच्या गांधाराला खेटतो. गायक ग, प, रे किंवा नि वर असेल तेव्हा मात्र ती खुलते. चाल गांधारावर थांबली असेल तर मध्यमावरची, म्हणजे म, ध, सा, ग ही मांडणी करून पाहा. गांधाराचा अर्थच पालटलेला ऐकू येतो. रागाचं भानही हवं. भूपात निषाद वर्ज्य. भूपाच्या चालीखाली मेजर सेव्हन्थ लावली तर कॉर्ड सुंदर आणि भूप हरवलेला, असं होतं. तिथे सा, ग, प, ध पुरेशी आहे, तिचे चारही स्वर भूपाचेच.

गिटारवर सुरुवात फार सोपी आहे. सी मेजर धरा आणि खालून दुसऱ्या तारेवरची तर्जनी, म्हणजे पहिल्या पडद्यावरची, उचला. ती तार मोकळी वाजते आणि सा चा नि होतो. झाली सी मेजर सेव्हन. एफ मेजरचा आडवा बार जमत नाही म्हणून शिक्षक नवशिक्यांना पुष्कळदा एफ मेजर सेव्हन देतात. ती पर्याय म्हणून दिली जाते, पण कित्येक गाण्यांत मूळ कॉर्डपेक्षा बरी लागते. पेटीवर किंवा कीबोर्डवर चारही स्वर एका मुठीत, खालच्या सप्तकात कोंबू नयेत. तिथे सगळं गढूळ होतं. डाव्या हातानं सा खाली घ्यावा, उजव्यानं मध्य सप्तकात ग आणि नि. पंचम गाळला तरी बिघडत नाही. षड्जाच्या तिप्पट आंदोलनांतून तो आपोआप उमटतच असतो, आणि ग व नि यांच्यातला षड्ज-पंचम भाव कॉर्डचा तोल सांभाळतो.